गुरु कर्केत येईपर्यंत

अण्णा, काल मी घरी आलेल्या पाहुण्याला चहा अर्धा असताना उठवलं.

होटगीहून आपले लांबचे मामा आले होते, तुझ्यासाठी दोन शब्द बोलायला. विभूतीचे पट्टे ओढून, हात जोडून, सगळं रीतसर. वहिनी खाली मान घालून बसलेली, खोलीत सात-आठ माणसं. मामा बशीत चहा ओतत म्हणाले, "मल्लिनाथ कष्टाळू होता, न्हाय म्हनत न्हाय. पन खरं सांगू का, त्याच्या पत्रिकेत काय नव्हतं. बहिणीच्या नशिबावर वर आला बगा." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठले, त्यांच्या हातातली कपबशी काढून घेतली आणि म्हटलं, "मामा, तुमच्या गाडीची वेळ झाली असंल. निघा आता."

ते गेले. पण राग गेला नाही, कारण ते वाक्य मामांचं नव्हतंच. तुझं होतं. तीस वर्षं तू हेच सांगत फिरलास. गिऱ्हाइकाला, व्यापाऱ्याला, सोयऱ्याधायऱ्यांना, रिक्षावाल्यालासुद्धा. "आमचं काय न्हाय हो, सगळं आमच्या शैलूच्या पत्रिकेतलं." मामांना मी हाकलू शकले. तुला कसं हाकलू?

तुला जाऊन अकरा दिवस झाले. आणि परवा तो तुझा गुरु कर्केत आला. मी दिनदर्शिकेत बघितलं. आला, अण्णा. गल्लीत आकाशकंदील लागलेत, पोरं फटाके वाजवायलीत, तुझ्या दुकानाचं शटर खाली आहे. बाकी काही झालं नाही.

आपण होटगीच्या रेल्वे क्वार्टरमधली पोरं. अप्पा गेटमन. अप्पांचा पत्रिकेवर काडीचा विश्वास नव्हता. "आपण गळ्यात लिंग बांधणारी माणसं, आपल्याला रोजच शुभ," असं म्हणायचे. पण रेल्वेचा माणूस, प्रत्येक गोष्टीची वेळ लिहायची सवय. म्हणून तुझी आणि माझी जन्मवेळ त्यांच्या वहीत होती. तेवढीच चूक त्यांच्या हातून झाली.

तू वीस वर्षांचा होतास तेव्हा सांगोल्याहून टेम्पोभर टोमॅटो उचललेस, सोलापूरच्या बाजारात विकायला. मंगळवेढ्याच्या अलीकडं टेम्पोचा ॲक्सल तुटला. दोन दिवस माल उन्हात. तिसऱ्या दिवशी तू सोलापुरात पोचलास तेव्हा टेम्पोतून पाणी गळत होतं. यात ॲक्सलचा दोष होता, टेम्पोवाल्याचा होता, मे महिन्याचा होता. तू मात्र अप्पांची वही घेऊन बाळीवेशीतल्या जोशीबुवांकडं गेलास.

त्यांनी तुझी पत्रिका मांडली आणि म्हणाले, केमद्रुम. चंद्राच्या मागच्या घरात ग्रह नाही, पुढच्या घरात नाही. चंद्र एकटा. हातात आलेलं टिकत नाही असा योग. जोशीबुवा एकदाच बोलले असतील. तू मात्र तो शब्द जन्मभर आडनावासारखा लावलास.

मग त्यांनी माझी मांडली. वृश्चिक लग्न. धनस्थानाचा मालक गुरु, भाग्यस्थानाचा मालक चंद्र, दोघं एकाच घरात, कर्केत, आणि तेही भाग्यात. गुरु तिथं उच्चीचा, चंद्र स्वतःच्या घरचा. धनाचा मालक आणि भाग्याचा मालक असे हातात हात घालून बसले की त्याला धनयोग म्हणतात, हे मला पुढं पाठच झालं, कारण रोज तू ते कुणाला ना कुणाला समजावून सांगायचास. जोशीबुवा म्हणाले, "असा योग रोज बघायला मिळत नाही. काही करायचं असेल तर हिच्या नावानं कर."

त्या संध्याकाळी तू घरी आलास तेव्हा मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. तेरा वर्षांची, आठवीत. तू दारात उभा राहून माझ्याकडं बघत राहिलास. मी विचारलं, "काय बघायलास रे?" तू माझ्या हातातली बादली काढून घेतलीस आणि उरलेले कपडे स्वतः वाळत घातलेस. मला किती बरं वाटलं होतं! त्या दिवसापासून मी तुझी बहीण राहिले नाही हे कळायला फार वर्षं गेली.

आता मी जे सांगणार आहे ते तुझ्या तोंडावर किती वेळा सांगितलं, तू ऐकलं नाहीस. आता ऐक.

शेंगाची चटणी आईची, आपल्या अव्वाची. उखळात कुटायची, घरापुरती. पण ती विकायला बाहेर काढली तू. अप्पा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, आपण साखर पेठेत दोन खोल्यांत आलो, तेव्हा एस.टी. स्टँडवर उभं राहून पुड्या विकल्यास तू. माझा गुरु तिथं उभा नव्हता. दाणे भाजताना तू डोळे मिटून घ्यायचास. मी एकदा विचारलं तर म्हणालास, "दिसण्यावर जाऊ नये. आवाज बदलतो तेव्हा उतरवायचं." तो आवाज मला कधीच ऐकू आला नाही, अण्णा. मी कढईला कान लावून बसायची, मला नुसती तडतड ऐकू यायची. तू म्हणायचास, "आता!" आणि खरंच, चार क्षण उशीर झाला की दाणा कडू.

सगळ्यांनी दळायची यंत्रं आणली तेव्हा तू आणलं नाहीस. "दळलं की पीठ होतं, कुटलं की तेल सुटतं." लोखंडी मुसळांचं कांडप यंत्र आणलंस आणि कुठल्याशा फिटरकडून त्याचा वेग निम्मा करून घेतलास, कारण घाईत कुटलं तर चटणी तापते आणि लसूण उग्र होतो. एक खवट दाणा सापडला म्हणून अख्खा घाणा गायीगुरांना घातलास. रजियाआपा तेव्हा नवीन लागलेली, ती घाबरून रडायला लागली, तर तिला म्हणालास, "तुझी चूक न्हाय आपा, निवडताना माझंच लक्ष चुकलं."

हे सगळं कुणाच्या पत्रिकेत लिहिलं होतं? कान तुझे, नाक तुझं, खांदे तुझे. आणि पाटीवर नाव माझं. "शैलजा शेंगा चटणी." पाटी लागली त्या दिवशी तू किती खूश होतास! मीही झाले होते, खोटं कशाला बोलू. वर्गातल्या पोरी मला चिडवायच्या आणि मला ते आवडायचं.

मग बोणी सुरू झाली. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक, पहिला पुडा, तो माझ्याच हातून गेला पाहिजे. शाळेला जायच्या आधी मी दुकानात. कॉलेजला जायच्या आधी दुकानात. ताप असला तर तू रिक्षात घालून नेलंस, पुडा हातात दिलास, गिऱ्हाइकाला द्यायला लावलास, परत आणून झोपवलंस आणि दिवसभर कपाळावर पट्ट्या ठेवत बसलास. आता सांग, यातला राग कुठं ठेवायचा आणि माया कुठं? तू दोन्ही असं एकत्र कुटलंस की वेगळं काढताच येत नाही.

नर्सिंगला मला तू घातलंस. सगळे सोयरे म्हणत होते, पोरीचं लग्न करा. तू म्हणालास, "लक्ष्मी हाय ती, शिकू द्या." माझ्यासाठी तू भांडलास, पण माझ्या गुणांसाठी नाही. मला बारावीला चांगले मार्क होते, अण्णा. तू ते कुणालाच सांगितले नाहीस. तू त्यांना माझं भाग्याचं नववं घर सांगितलंस.

आणि माळशिरस. याबद्दल आपण कधीच नीट बोललो नाही.

मला तिथल्या सरकारी दवाखान्यात नोकरी लागली. बावीस वर्षांची मी, स्वतःच्या पगाराची, स्वतःच्या खोलीची स्वप्नं बघत होते. तू नाही म्हणाला नाहीस. गाडीत बसवून द्यायला आलास, पिशवीत चटणीचे दोन डबे, खिडकीशी उभा. गाडी हलली तेव्हा म्हणालास, "जा गं. मी काय म्हणत न्हाय." पण तुझा चेहरा असा झाला होता जसं कुणी दुकानाच्या किल्ल्या घेऊन निघालंय.

चौथ्या दिवशी निरोप आला. तुझा उजवा हात कांडपात गेला. दोन बोटांची टोकं चेचली.

मी आले. अव्वा दारातच म्हणाली, "पोरी, तू गेलीस आन् हे झालं बग." मी तुझ्याकडं बघितलं. वाटलं, तू तरी म्हणशील की तसं नाही अव्वा, रात्रभर जागा होतो, डोळा लागला, हात गेला. ते खरंच होतं, रजियाआपानं मला नंतर सांगितलं. पण तू काही बोलला नाहीस. पांढऱ्या पट्टीतला हात मांडीवर ठेवून गप्प बसलास. मी रोज पट्टी बदलायची आणि तू रोज गप्प. तिसऱ्या आठवड्यात मी राजीनामा लिहून पाठवला. तू तो पाकिटात घालून स्वतः टपालात टाकून आलास, डाव्या हातानं.

तू भांडला असतास तर मी गेले असते. तू मला अडवलं असतंस तर मी तुला ढकलून गेले असते. तू गप्प बसलास. त्या गप्प बसण्याचा राग मी पंचवीस वर्षं उरात घेऊन जगतेय. पुढं मला इथल्या खासगी दवाखान्यात नोकरी मिळाली, लग्न झालं तेही सोलापुरातच, कारण तू स्थळं बघताना गावाबाहेरचं एकही घरात येऊ दिलं नाहीस. संसार बरा झाला माझा. त्याबद्दल तक्रार नाही. पण माळशिरसच्या त्या खोलीत मी चार दिवस राहिले, आणि ते चार दिवस अजून माझ्या अंगात आहेत.

त्याचा सूड म्हणून मी पत्रिका शिकले. तुला वाटायचं मला गोडी लागली. गोडी कसली! मला तुझं हत्यार पाहिजे होतं. पुस्तकं आणली, घरं, मालक, दृष्टी, दशा, सगळं घोकलं. आणि मग एकदा अव्वा ज्वारी निवडत बसली होती तेव्हा तिला विचारलं, माझी जन्मवेळ अप्पांना कळली कशी? ते तर ड्युटीवर होते.

अव्वा म्हणाली, "सकाळी घरी आले, इचारलं, पोरगी कदी झाली? मी म्हनलं, मालगाडी गेली तवा. त्यांनी लिवलं साडेचार."

"मालगाडी साडेचारला जायची?"

"रोज जायची. त्या दिशी येळंवर हुती का कुणाला ठावं! मालगाडीच ती."

मी नाचतच दुकानात आले. कागदावर पत्रिका काढून तुझ्यापुढं ठेवली. "हे बघ. गाडी तासभर जरी उशिरा असली तरी वृश्चिक संपतं, धनु लग्न येतं. धनु आलं की कर्क आठवं घर. म्हणजे हाच गुरु, हाच चंद्र, भाग्यातनं उठून अष्टमात. मृत्यूचं घर, अण्णा. कुठं गेला धनयोग? सांग."

तू चष्मा वर करून कागद बघितलास. मला वाटलं, जिंकले. तर तू हसलास. "लई शिकलीस की गं! पण दुकान चाललंय न्हवं? म्हणजे गाडी येळंवरच हुती."

आता याला काय म्हणायचं? दुकान चाललं म्हणून वेळ खरी, आणि वेळ खरी म्हणून दुकान चाललं. मी कागद फाडला. तू तुकडे गोळा केलेस आणि म्हणालास, "अष्टम-बिष्टम असं बोलू नये. पहिला पुडा दे, गिऱ्हाईक थांबलंय." आणि मी दिला. मी दिला, अण्णा! तुझ्यावर जेवढा राग आहे त्यातला निम्मा त्या माझ्या हातावर आहे.

यंदा श्रावणात तू जिना चढताना थांबायला लागलास. मी नर्स आहे, मला सांगावं लागत नाही. तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, तीनही नळ्या बंद होत आल्यात, बायपास करावी लागेल, आणि दसरा झाला की लगेच करू, पुढं ढकलू नका. वहिनीनं देवाला हात जोडले. मी दवाखान्यात तारीख मागून घेतली.

तू दसऱ्यानंतर दुकानात मला बाजूला बोलावून म्हणालास, "शैलू, दिवाळीच्या तोंडावर गुरु कर्केत येतोय. तुझ्या गुरूवर गुरु. बारा वर्षांनी येतो तसा. मागच्या वेळेला आला तेव्हा ही मोठी जागा झाली. तेवढं थांबू. दहा-बारा दिवसांचा प्रश्न हाय."

मी म्हटलं, "नळ्या तुझ्या आहेत आणि गुरु माझा? माझ्या पत्रिकेवर तुझं हृदय चालणार?"

"माझ्या पत्रिकेत काय हाय सांग की! माझं सगळं तुझ्यावरच चाललंय."

तेव्हा माझा तोल गेला. रजियाआपा होती, पुडे बांधणाऱ्या बाया होत्या, दोन गिऱ्हाइकं होती. मी ओरडले. माळशिरस काढलं, हात काढला, पाटी काढली. म्हटलं, "तीस वर्षं तू मला देव्हाऱ्यात बसवून ठेवलंस. मी माणूस आहे. मी उद्यापासून बोणीला येणार नाही. काय व्हायचं ते होऊ दे."  आणि मी जाता जाता म्हटलं, "मर मग वाट बघत."

हे शब्द माझे शेवटचे. चार दिवस मी आले नाही, फोन उचलला नाही. तू पहिले तीन दिवस दुकान उशिरा उघडलंस, माझी वाट बघून. बोणी वहिनीच्या हातून केलीस, माझं नाव घेऊन. हे मला नंतर कळलं.

चौथ्या दिवसाचं रजियाआपानं सांगितलं. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आली, पदरानं डोळे पुसत. "भाई सुबू आए. मैं बोली, शैलूदीदी को फोन करूँ? बोले, नक्को आपा, उसको तंग नक्को करो. आज मैच देता पहला पुडा. मेरे हात से क्या होता देखेंगे." आणि तू स्वतः तराजूत चटणी घातलीस, स्वतः पुडा बांधलास आणि एका म्हातारबाला दिलास. रजियाआपा म्हणाली, तू हसत होतास, पोरासारखा. मग रांग लागली. दिवाळीचं गिऱ्हाईक, पुण्याला न्यायचे डबे. "इत्ती गर्दी, दीदी! भाई हर एक को खुद तोलको देरे थे. किसीको तोलने नै दिए."

बाराच्या सुमाराला तू म्हणालास, जरा पाणी दे. पाणी येईपर्यंत खाली बसलास. मग नव्हतास.

लोक काय म्हणतात माहीत आहे? बघा, केमद्रुमाच्या हातानं बोणी केली आणि गेला. बहीण आली असती तर वाचला असता. माझ्यासमोर म्हणायची हिंमत नाही कुणाची, पण कानावर येतं. माझं उत्तर एकच आहे. तुझ्या नळ्या बंद होत्या. त्या हातामुळं नाही, त्या दिवसामुळं नाही. उलट त्या एका सकाळी तू पहिल्यांदा तुझ्या स्वतःच्या दुकानात उभा होतास. तीस वर्षांत एक सकाळ. एवढी रांग होती आणि मी एकही दिवस अशी रांग लावली नव्हती. ते तू बघितलंस ना? बघून तुला काय वाटलं? निदान तेवढं तरी सांगून जायचंस.

आपल्या रीतीप्रमाणं तुला बसवून नेलं. कपाळभर विभूती, बेलाची माळ, पाठ ताठ. समाधीत तुला बसवलं तेव्हा स्वामींनी माती द्यायला सांगितली आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "शैलजाला पुढं करा. पहिली मूठ तिच्या हातची." अण्णा, तिथंसुद्धा! मी वहिनीला पुढं केलं.  मग तुझ्या पोरानं दिली, मग रजियाआपानं लांबून हात जोडले तर मी तिला ओढून आणलं आणि तिलाही मूठ दिली. मी सगळ्यात शेवटी दिली. लोक बघत होते. बघू देत.

आता एक गोष्ट राहिली. ही मी कुणालाच सांगितलेली नाही, वहिनीला नाही, घरी ह्यांनाही नाही.

त्या चौथ्या दिवशी सकाळी, तू तराजू घेऊन उभा होतास तेव्हा, मी बाळीवेशीत जोशीबुवांकडं गेले होते. ते आता ऐंशीच्या पुढं आहेत, कानाला यंत्र, पण डोकं शाबूत. तीन रात्री मी तळमळले होते आणि शेवटी ठरवलं की तत्त्व गेलं चुलीत. मी त्यांना म्हटलं, "काका, तुमच्या पाया पडते. माझ्या भावाला फोन करून खोटं सांगा. सांगा की याच आठवड्यात मुहूर्त आहे. काहीतरी नक्षत्र काढा. तो फक्त तुमचं ऐकतो."

ते म्हणाले, "अगं, खोटं कशाला? त्यानं मला विचारलंच कुठं? माझ्याकडं येऊन किती वर्षं झाली त्याला. पंचांग बघून त्याचं त्यानंच ठरवलं असेल. शस्त्रक्रिया कधी करायची ते डॉक्टर सांगतील तेव्हा. हेच मी सगळ्यांना सांगतो. गुरु गोचरीनं कुठं आहे यासाठी कुणी छातीतलं दुखणं थांबवून ठेवतं का?"

मी म्हटलं, "मग सांगा त्याला."

त्यांनी लगेच फोन लावला, माझ्यासमोर. वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला, वाजत राहिला. रजियाआपानं मला सांगितलं ना, "फोन बजरा था, भाई बोले बाद में, गर्दी है." जोशीबुवा म्हणाले, "दिवाळीची घाई असेल. संध्याकाळी लावतो. उद्या त्याला दवाखान्यात घेऊन जा." मी त्यांच्या पाया पडले. घरी येताना मी रिक्षात रडले, सुटकेनं. साडेअकरा वाजले होते.

एक फोन होता, अण्णा. तो मी पहिल्याच दिवशी करायला सांगू शकले असते. दसऱ्यानंतर, तू गुरूचं नाव काढलंस त्याच दुपारी. बाळीवेस दुकानापासून किती लांब आहे? चालत वीस मिनिटं. मला ते सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं. भांडताना तुझ्यासमोर उभी असतानाच सुचलं होतं. पण मग तू जोशीबुवांचं ऐकून गेला असतास, माझं ऐकून नाही. मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, की शैलू, हे ग्रहबिग्रह काही नाही, तू म्हणतेस म्हणून जातो. चार दिवस मी त्या एका वाक्यासाठी थांबले.

तू गुरूसाठी थांबलास आणि मी त्या वाक्यासाठी. आज सगळे मला विचारतात, एवढी चिडतेस कुणावर? मी तुझं नाव सांगते.